सायामीज म्हणून चायनीज आणि रिफंड म्हणून क्यूआर : माझे 8,620 रुपये

8,620 रुपये गेले. टाकीतलं शेवाळ खाणारे सायामीज मासे ऑनलाइन मागवले, त्यांच्या जागी चायनीज आले, आणि रिफंडच्या नावाखाली पुन्हा फसले. आकडा आधीच सांगते, कारण पोलीस ठाण्यातही सगळ्यात आधी तोच विचारला गेला आणि तो ऐकल्यावर समोरच्या साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मॅडम, माशांचे?" हे त्यांनी दोनदा विचारलं. रक्कम फार मोठी नाही हे मलाही कळतं. पण ती माझ्या कष्टाची आहे, आणि तिच्यासोबत माझा तीन वर्षं सांभाळलेला एंजल मासा गेला, तो तर हिशेबात धरलेलाच नाही.

माझी तीन फुटी टाकी आहे, साधारण दीडशे लिटरची. मासे म्हणजे चार एंजल आणि थोडे टेट्रा, झाडं म्हणजे लाकडाला बांधलेलं अनुबियास आणि जावा फर्न. पावसाळ्यात अनुबियासच्या पानांच्या कडेला काळं शेवाळ धरलं. ज्यांच्या टाकीत ते आलंय त्यांना वर्णन नकोच. दाढीच्या खुंटासारखे आखूड काळे केस. घासलं तर पान फाटतं, शेवाळ सुटत नाही. सहा आठवडे दर रविवारी मी ती पानं घासली. घरात आजारपण, ऑफिसात वर्षाचं काम तुंबलेलं. अशा वेळी हे काम करणारे मासे मिळतात म्हटल्यावर कोणीही मागवले असते, आणि यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मी डोळे मिटूनही मागवले नाहीत. आठवडाभर वाचलं. काळी दाढी खाणाऱ्या माशांमध्ये सगळे एकच नाव घेतात, सायामीज अल्गी ईटर. ओटो, म्हणजे ओटोसिंक्लस, जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा, पानांवरचा तपकिरी थर चाटून साफ करतो, काळ्या केसांच्या वाटेला जात नाही. आमच्या इथल्या दुकानांत 'सकर'पलीकडे काही नव्हतं. सकर म्हणून विकला जाणारा प्लेको फूटभराच्या वर वाढतो आणि मोठा झाला की शेवाळ खाण्यापेक्षा घाणच जास्त करतो, हेही मला माहीत होतं. म्हणून मासे पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर शोधलं. तिथे हा माणूस भेटला.

दोनशेच्या वर लोक त्याच्या पोस्टखाली "भाऊ भारी मासे" लिहीत होते. मी फोटोवर न थांबता व्हिडिओ मागितला, त्याने पाच मिनिटांत पाठवला. हिरव्या पाइपचा फिल्टर, लाकूड, आणि त्यावर रांगेत बसलेले अस्सल सायामीज. अस्सलच होते ते, मी आजही सांगते. काळा पट्टा नाकापासून थेट शेपटीच्या टोकापर्यंत, पंख काचेसारखे स्वच्छ. फक्त ते मासे त्याचे नव्हते.

आठ सायामीज, नग 280 प्रमाणे 2,240. सहा ओटो, नग 220 प्रमाणे 1,320. थर्माकोलचा बॉक्स, ऑक्सिजन पॅकिंग आणि वाहतूक मिळून 750. एकूण 4,310, सगळे आगाऊ. "ताई, जिवंत माल आहे, कॅश ऑन डिलिव्हरी कसं करणार?" हे त्याचं म्हणणं मला पटलं. पटण्यासारखंच आहे. बिल मागितलं तर म्हणाला पार्सलमध्ये येईल. आलं नाही. बिल आधी घ्या. नाव, पत्ता, जीएसटी नंबर काहीही नसलेल्या माणसाला पैसे पाठवलेत तर पुढे तक्रारीत 'विरुद्ध पक्षाचा पत्ता' हा रकाना कोरा राहतो, आणि त्या कोऱ्या रकान्याने माझे तीन महिने खाल्ले.

पार्सल तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. आता लिहिते तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

बॉक्स उघडला. ओटोंच्या पिशवीत चार मेलेले, दोन धडपडणारे, त्यांची पोटं आत गेलेली. दुसऱ्या पिशवीत आठही जिवंत, बोटाएवढे. त्यातला एक पिशवीच्या प्लॅस्टिकला आतून तोंड लावून चिकटला होता. माझ्या अंगठ्याच्या अगदी समोर त्याचे ओठ गोल पसरले होते, वाटीसारखे, आणि तो तसाच लटकून श्वास घेत होता. मी मुलाला हाक मारली. "बघ, आत्ताच शेवाळ शोधतोय."

सायामीज असा चिकटत नाही. त्याच्या तोंडाला चूषक नसतो. तो पानावर नाहीतर लाकडावर पंख टेकून बसतो आणि केस ओढून कुरतडतो. वाटीसारखं तोंड लावून काचेला लटकतो तो चायनीज अल्गी ईटर. त्याच्या कल्ल्यांना वरच्या बाजूला एक वेगळं छिद्र असतं, तिथून तो पाणी आत घेतो, म्हणून तोंड चिकटलेलं असतानाही त्याला श्वास घेता येतो. हे सगळं मी वाचलेलं होतं, एका तक्त्यात, आठवड्यापूर्वी. मासा माझ्या अंगठ्यापासून अर्ध्या इंचावर ओठ दाखवत होता आणि मी कौतुक करत होते. चार मेलेल्या ओटोंमुळे जीव कासावीस झाला होता, उरलेल्यांना पाण्यात सोडायची घाई होती, पिशवीतलं पाणी पिवळं पडलं होतं. हे सगळं खरं आहे. तरी एक मिनिट पिशवी उजेडात धरली असती तर पट्टा शेपटीच्या बुडाशी संपलेला दिसला असता. पट्टा पुढे शेपटीत गेलेला नसेल तर पिशवी उघडू नका. पट्ट्याच्या वर सोनेरी रेघ असेल तर तो फ्लाइंग फॉक्स, तोही सायामीज म्हणून खपवतात. मिशाच नसतील आणि तोंड चिकटत असेल तर चायनीज.

विकणाऱ्याला फोन केला. "ताई, बॅग न उघडता दोन तासांच्या आत व्हिडिओ पाहिजे होता. तुम्ही बॅग उघडली, क्लेम गेला." ही अट त्याने आधी कुठेच लिहिली नव्हती. मी दोन जिवंत मासे गुदमरत ठेवून व्हिडिओ काढत बसायचं होतं का? उरलेले दोन ओटो तिसऱ्या दिवशी गेले. ओटो बहुतेक नदी-ओढ्यांतून पकडून आणलेले असतात, वाटेत उपाशी राहतात. पोट आत गेलेला ओटो क्वचितच सावरतो. दुकानात खाताना दिसेपर्यंत घेऊच नका.

आठ मासे मात्र जोमात होते. पानांवरची काळी दाढी तशीच, पण एंजलसाठी टाकलेले दाणे हे आधी उचलायचे. तीन आठवड्यांनी रात्री पाणी प्यायला उठले आणि टॉर्च टाकीवर मारला. मोठा एंजल कोपऱ्यात तिरका उभा होता आणि त्याच्या कुशीला एक चिकटलेला होता. हलवला तरी सुटेना. सुटला तेव्हा तिथे रुपयाएवढी गोल जागा उघडी पडली होती, खवले उडालेले, कडेला लाल. चायनीजला एंजल आणि डिस्कस यांच्यासारखे उंच, सपाट, संथ मासे सापडले की तो त्यांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. मोठा होईल तशी ही खोड वाढते. चौथ्या दिवशी एंजल गेला. दुसऱ्याच्या अंगावर वण आहे.

सकाळी मी विकणाऱ्याला वणाचा, पट्ट्याचा, ओठांचा, सगळे फोटो पाठवले आणि ग्रुपवर नाव टाकते म्हणाले. अर्ध्या तासात तो नरमला. "ताई, तुम्ही जुन्या कस्टमर. चूक माझ्या माणसाची. पूर्ण 4,310 परत करतो, ग्रुपवर टाकू नका." मला वाटलं, चला, माणूस वाईट नाही. रात्री त्याने क्यूआर कोड पाठवला, रक्कम आधीच भरलेली, 4,310. "स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल."

क्यूआरची गोष्ट मला सांगू नका. मी स्वतः आईला दहा वेळा सांगितलंय की पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. पण मेलेला मासा डोळ्यांसमोर, तो फोनवर सतत बोलतोय, स्क्रीनवर आकडा बरोबर माझाच. अनोळखी आकडा असता तर मी थांबले असते. बरोबर तोच आकडा दिसला म्हणून बोट चाललं. रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी आणखी 4,310 गेले. फोन कट.

आता यंत्रणेचं ऐका. बँकेच्या नंबरवर चाळीस मिनिटं गाणं ऐकलं, मग तक्रार क्रमांक मिळाला. 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मी दुसऱ्या दिवशी दुपारी फिरवला, तोपर्यंत पैसे पुढे सरकले होते. हे उलट करा. आधी 1930, मग बँक, मग रडणं. पहिल्या तासात खातं गोठवता येण्याची शक्यता असते. बँकेतल्या बाईंनी मला रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक दाखवलं. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे मीही वाचलं होतं. पण ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. "पिन तुम्हीच टाकलात ना?" झालं, फाइल बंद.

ठाण्यात गेले. पेन खाली ठेवलं गेलं ते सांगितलंच. सायबरकडे जा. सायबरकडे म्हणाले, पहिले 4,310 हा आमचा विषयच नाही, माल मिळालाय, तो ग्राहक वाद. दुसऱ्या 4,310 साठी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा. ग्राहकांना सल्ला देणाऱ्या एका ठिकाणी विचारलं तर म्हणे हा नोंदणीकृत व्यापारी दिसत नाही, पोलिसांत जा. परत ठाणं. या वेळी वेगळे साहेब, सगळी गोष्ट पहिल्यापासून. त्यांच्या टेबलावर चहा आला, मला बसायला सांगितलं नाही. "आठ हजारांसाठी आम्ही परराज्यात टीम पाठवायची का?" मी टीम मागितलीच नव्हती, नोंद मागितली होती. फसवून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली गुन्हा आहे, रकमेची किमान अट मला तिथे कुठे दिसली नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर घ्यायची असं लिहिलंय, आणि ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायची. हे मी छापून नेलं. कागद बघून साहेब म्हणाले, "वकील आहात का?" नाही. मी मासे पाळते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवता येतं. पाठवलंय, पोचपावती जपून ठेवली आहे, बाकी उत्तर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रार आपण राहतो तिथे करता येते. तिथेही तोच कोरा रकाना: पत्ता.

एक नोंद. साधी नोंद. तीन महिन्यांत चार टेबलं झाली आणि चौघांनीही मला समजावलं ते हेच की मी काय करायला नको होतं.

चॅट डिलीट करू नका. तो करतोच, तुमच्याकडची प्रत आधी काढून ठेवा. कुरिअरच्या लेबलचा फोटो काढा. माझ्या लेबलवर पाठवणाऱ्याचं फक्त पहिलं नाव होतं आणि मी बॉक्स भंगारात दिला.

आणि शेवाळ? माझा दिवा सकाळी आठ ते रात्री दहा चालू असायचा. टायमर लावून सात तासांवर आणला, दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलते, दाणे निम्मे केले, जास्त खराब पानं कापली, उरलेल्यांवर फिल्टर बंद करून सिरिंजने थेंबथेंब तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं. काळे केस आधी लालसर झाले, मग पांढरे. हिरवं झालेलं पाणी कुठलाच अल्गी ईटर पीत नाही, आणि जे निळसर-हिरवं चिकट पापुद्र्यासारखं पसरतं ते मुळात शेवाळ नसून जिवाणू आहेत, त्यालाही हे मासे तोंड लावत नाहीत. विकणारा हे सांगणार नाही.

ते आठ चायनीज बाल्कनीतल्या टबात आहेत, वेगळा पंप लावून. कोणी घ्यायला तयार नाही. तळ्यात किंवा नदीत सोडा असं दोघांनी सुचवलं. ते मी करणार नाही, बाहेरच्या प्रजाती आपल्या पाण्यात सोडायच्या नसतात. मागच्या आठवड्यात एका दुसऱ्या ग्रुपवर तोच व्हिडिओ दिसला. तोच हिरवा पाइप, तेच लाकूड, नंबर नवा, सायामीज आता 320 ला. खाली एकीने विचारलं होतं, "दादा, खात्रीचे आहेत ना?" मी तिला उत्तर लिहिलं, पिशवीत मासा प्लॅस्टिकला चिकटला तर परत पाठव. दहा मिनिटांत माझं उत्तर काढून टाकलं. मग मी तिला वेगळा मेसेज केला. अजून तिने पाहिलेला नाही.