गादी सरकली: दुर्बिणीनं, टाक्याचं, की थोडं थांबून?

ऊस हंगाम तोंडावर आला की राजारामपुरीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. हातात एमआरआयची मोठी पिशवी, रिपोर्टात ‘एल ४–एल ५’, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली, आणि "मॅडम, दुर्बिणीनं करू का मोठं ऑपरेशन?" मी आधी विचारते, दुखणं किती आठवड्यांचं? कारण छेद केवढा, यापेक्षा ऑपरेशन आत्ताच हवं का, हा निर्णय मोठा आहे.

नेदरलँड्समधला २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. सरकलेल्या गादीनं नस दाबून ६ ते १२ आठवडे पायात तीव्र कळ असलेले २८३ रुग्ण. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याला गोळ्या आणि व्यायाम, गरज पडली तरच ऑपरेशन. लवकर ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्मे ४ आठवड्यांत सावरले. थांबलेल्यांना तोच टप्पा गाठायला १२ आठवडे लागले. वर्षाअखेर मात्र दोन्हीकडे सुमारे ९५ टक्के बरे झालेले होते, आणि पाच वर्षांनी पाहिलं तेव्हाही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. एक गोष्ट मी कधीच लपवत नाही: थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचं वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे थांबणं हा नकार नाही, दार उघडं ठेवून वाट बघणं आहे. सरकलेला तुकडा बऱ्याचदा शरीर स्वतःच जिरवतं, म्हणून ती वाट फुकट जात नाही.

ऑपरेशननं विकत मिळतात ते हे आठवडे. उसाच्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाला ते दोन महिने म्हणजे अर्धा हंगाम. शाळेत शिकवणाऱ्याला रजा मिळाली, तर तेच दोन महिने परवडतात.

अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात रुग्णांना ८ वर्षं पाहिलं. ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं ते न केलेल्यांपेक्षा तेव्हाही बरे होते. पण ‘थांबा’ सांगितलेल्या कित्येकांनी ऑपरेशन केलं आणि ‘करा’ सांगितलेल्या कित्येकांनी टाळलं, त्यामुळे तो फरक जपून वाचावा. ८ वर्षांत सुमारे १५ टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं, हे मात्र मनात ठेवा. आणि आराम मुख्यतः पायाच्या कळेला मिळतो. जुनी कंबरदुखी तेवढी जात नाही.

आता छेद. मायक्रोस्कोपखाली लहान टाक्याचं ऑपरेशन ही रुळलेली पद्धत. नळीतून करताना स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारतात. ऐकायला ते हळुवार वाटतं. तरी नेदरलँड्सच्याच ३२८ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरानं नळीवाल्यांचं दुखणं किंचित जास्तच निघालं आणि पाच वर्षांनी फरक उरला नाही. बाजूनं एक सेंटिमीटरच्या आतला छेद घेऊन केलेल्या एंडोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनचा, ६१३ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली आला: वर्षभरानं ती टाक्याच्या ऑपरेशनपेक्षा कमी ठरली नाही, पायाची कळ तर थोडी कमीच होती. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात, हा तिचा खरा फायदा. पण ती हाताला बसायला वेळ लागतो. म्हणून सर्जनला सरळ विचारा, "या पद्धतीनं तुम्ही आजवर किती केलीत?" रोज टाक्याचं करणारा हात मला क्वचित दुर्बीण धरणाऱ्या हातापेक्षा जवळचा वाटतो. खर्चाचं लेखी घ्या, आणि जनआरोग्य योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला विचारा.

काही वेळा ही सगळी तुलना बाजूला ठेवावी लागते. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. पायातली कोल्हापुरी निसटते आणि पाऊल वर उचलत नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

ही लक्षणं नसतील आणि कळ आठवड्यागणिक उतरत असेल, तर मी थांबायलाच सांगेन. दीड-दोन महिने होऊनही सीटवर बसवत नसेल, झोप लागत नसेल, तर ऑपरेशन करा. त्याआधी बिडी-सिगारेट सोडा, कारण धूम्रपान करणाऱ्यांत गादी पुन्हा सरकण्याचं प्रमाण जास्त आहे. आणि पिशवीतला एमआरआय सहा महिन्यांपूर्वीचा असेल, तर तारीख ठरवण्याआधी नवा काढा. त्यातला तुकडा एव्हाना जिरलेलाही असेल.