भुताची पुस्तकं, प्रेमाची पुस्तकं आणि माझी भाची

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या खालच्या खोलीतली पत्र्याची ट्रंक पाण्याखाली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी येणार हे कळलं होतं, पण सासूबाई, गॅसची टाकी आणि कागदपत्रं वर नेता नेता ट्रंक राहूनच गेली. आठवड्याने उघडली तर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी एकमेकांना चिकटून त्यांचा एकच लगदा झाला होता. त्याच्या खाली होस्टेलपासून जपलेल्या मिल्स अँड बूनच्या बारक्या प्रेमकादंबऱ्या. फावड्याने उचलून टाकावं लागलं सगळं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी एकही पुस्तक विकत घेतलं नाही.

ते या दिवाळीत घेतलं, भाचीमुळे. ती नववीत आहे, इंग्लिश मीडियमला. म्हणाली, "आत्या, मला भुताची पुस्तकं आण. पण खरंच भीती वाटली पाहिजे हं, लहान पोरांची नकोत." मग जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन चकरा मारून अकरा पुस्तकं आणली. ६२० रुपये झाले. सहा गूजबम्प्सची, एक फिअर स्ट्रीटमधलं, एक द लास्ट व्हँपायर ही सगळी तिच्यासाठी, आणि तीन मिल्स अँड बून माझ्यासाठी. झालं असं की एखादं अर्धवट सोडलं तर सगळीच दोघींनीही वाचली. मी मिरजेला नर्स आहे. नाइट ड्यूटीला जाताना सांगली-मिरज सिटी बसमध्ये आणि सकाळी घरी येऊन झोप लागेपर्यंत, असं माझं वाचन चालतं.

गूजबम्प्सपासून सांगते. आर. एल. स्टाइन यांची ही मालिका १९९२च्या जुलैत सुरू झाली आणि १९९७पर्यंत मूळ मालिकेची ६२ पुस्तकं आली. पाच वर्षांत बासष्ट! तो वेग पुस्तकांत दिसतो. प्रकरणं चार-पाच पानांची, आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरण किंचाळीवर संपतं. पान उलटावं तर ते मांजर असतं, नाहीतर धाकटा भाऊ मुखवटा घालून आलेला. पहिल्या दोन पुस्तकांत ही युक्ती चालते. तिसऱ्यात भाची म्हणाली, "हा भाऊच असणार बघ." भाऊच निघाला. चौथं तिने अर्ध्यावर ठेवलं. सहातली चार मी कुणाला सुचवणार नाही.

पण या मालिकेचं पहिलं पुस्तक, वेलकम टू डेड हाउस, निराळं आहे. बारा वर्षांची अमांडा आणि तिचा धाकटा भाऊ जॉश आईवडिलांबरोबर डार्क फॉल्स नावाच्या गावी जुन्या मोठ्या घरात राहायला येतात. घर वडिलांच्या कुणा नातेवाइकाकडून फुकट मिळालेलं. अमांडाला वरच्या खिडकीत एक मुलगा दिसतो, आणि घरात कुणाला ते पटत नाही. त्यांचा कुत्रा पीटी गावातल्या माणसांवर सारखा भुंकतो. त्याचं कारण मोठे लावतात ते असं, की बिचारा नव्या जागेत बावरलाय. कुत्र्याला पहिल्या दिवशीच कळलेलं असतं, मुलांना हळूहळू कळतं, आणि मोठ्यांना सगळ्यांत शेवटी. मला ही रचना फार खरी वाटली. गावातली माणसं कोण आहेत हे पुढे उलगडतं आणि ते चांगलं जमलंय, पण मला धडकी भरली ती आधीच. ती पोर सांगतेय आणि आई सामान लावतेय, तिथे.

हे लिहिताना मला आमच्या वॉर्डातले एक आजोबा आठवतात. मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन होऊन तिसरी रात्र. रोज दोन-अडीचच्या सुमाराला ओरडायचे, पायाशी कोणीतरी उभं आहे म्हणून. ओव्हर, म्हणजे आधीच्या नर्सकडून ड्यूटी, घेताना मला सांगितलं गेलं, "ते बडबडतात, लक्ष देऊ नका." मी खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी बसले आणि त्यांना दिसतं तेवढ्या उंचीवरून बघितलं. पॅसेजमधल्या ट्यूबच्या उजेडात सलाईनचं स्टँड आणि त्यावर नातेवाइकांनी अडकवलेली शाल. डोकं, खांदे, सगळं होतं. मीही क्षणभर दचकले. शाल काढली, स्टँड सरकवलं, आणि आजोबा सकाळी सहापर्यंत झोपले. तेव्हापासून भुताच्या गोष्टीत मी एकच बघते. ज्याला दिसतंय त्याच्या उशाशी जाऊन कोणी बसतं का? चांगल्या लेखकाला हे ठाऊक असतं, की तेरा-चौदाव्या वर्षी पोरांना भुतापेक्षा "काहीतरीच काय तुझं" याची जास्त भीती असते. वाईट लेखक तिथे नुसतं रक्त ओततो.

फिअर स्ट्रीट हीसुद्धा स्टाइन यांचीच मालिका, गूजबम्प्सच्या आधीची, १९८९ची. शेडीसाइड नावाच्या गावातली. ही मोठ्या मुलांसाठी आहे आणि हिच्यात माणसं खरोखर मरतात. आम्हाला मिळालं ते पहिलंच पुस्तक, द न्यू गर्ल. कोरी नावाचा जिम्नॅस्टिक्स करणारा मुलगा शाळेत नव्याने आलेल्या फिकट, सुंदर ॲनाच्या इतका मागे लागतो की त्याचा सरावही बिघडतो. तिच्या घरी चौकशी करतो, तर उत्तर मिळतं की ॲना मेलीय. इथपर्यंत उत्तम. भूतकथा आणि प्रेमकथा एकाच दोरीत वळल्या आहेत. जिच्यासाठी जीव टाकतो ती जिवंत आहे का, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या पोराला पडावा यासारखी भीती नाही.

माझी तक्रार आहे ती लीसाबद्दल. ती त्याच्या शेजारी राहणारी मैत्रीण. तिला तो आवडतो, ती त्याला सरळ, स्पष्ट बोलते, आणि हा बघतो भलतीकडेच. पुस्तकातलं सगळ्यांत जिवंत माणूस ती आहे आणि लेखकाने तिला सोयीपुरती वापरलीय. मला तिच्या बाजूने सांगितलेली हीच गोष्ट वाचायला आवडली असती.

या प्रतीचा एक किस्सा सांगायलाच हवा. शेवटचा आख्खा फर्मा गायब होता! सोळा पानं नाहीत, आणि तीही भुताच्या कादंबरीतली. दुकानदाराकडे परत गेले, तर म्हणाला, "ताई, जुनं ते जुनंच, बदलून मिळत नाही." साठ रुपयांचा प्रश्न नव्हता. विकताना शेवटचं पान बघावं एवढीच माझी अपेक्षा होती. घरी आल्यावर भाची म्हणाली, आपण शेवट लिहू. दोघींनी वेगवेगळा लिहिला, वहीची तीन-तीन पानं. तिच्या शेवटात ॲना भूतच होती आणि कोरीला घेऊन गेली. माझ्यात लीसा दिवा घेऊन येते. मग दुसरी प्रत ऑनलाइन मागवली. खरा शेवट इथे सांगत नाही, पण भाची हिरमुसली आणि मला तो पटला. भीतीचं कारण माणसाच्या मनात शोधलंय, आणि ते पेललंय. आठवीच्या पुढे बिनधास्त द्यावं असं पुस्तक आहे.

आता द लास्ट व्हँपायर, ख्रिस्तोफर पाइक यांचं, १९९४चं. याच्यावरून आमच्या घरात खरी चर्चा झाली. नायिका पाच हजार वर्षांची रक्तपिपासू, आणि तिचं नाव सीता! जन्म भारतातला. गावात साथ येते, एक पुजारी मेलेल्या गरोदर बाईच्या देहात यक्षिणी उतरवतो, आणि त्या देहातून जन्मलेल्या मुलाचं नाव यक्ष. पुढे तो सीतेला नवऱ्यापासून आणि मुलीपासून तोडून आपल्यासारखं करतो. नवऱ्याचं नाव राम, मुलीचं ललिता. आणि मग खुद्द श्रीकृष्ण येतो.

सुरुवातीला मी रागाने वाचत होते. आपल्याकडे यक्ष म्हणजे कुबेराचा सेवक, धनाचा राखणदार. महाभारतात तो तळ्याकाठी युधिष्ठिराला प्रश्न विचारतो आणि उत्तरं आवडल्यावर भाऊ जिवंत करून देतो. त्याला रक्त पिणारा करायचं, म्हणजे शब्द उचलला आणि अर्थ मागे ठेवला. राम-सीता ही जोडीही नुसती ओळखीची नावं हवी होती म्हणून घेतल्यासारखी वाटते. हा दोष मी माफ करत नाही.

पण मग नागांनी भरलेल्या खड्ड्यात कृष्ण आणि यक्ष समोरासमोर बसून बासरी वाजवतात ते प्रकरण आलं, आणि मी बसमधून उतरायची विसरले. मिशन हॉस्पिटलचा स्टॉप मागे गेला. कृष्ण तिथे तलवार घेत नाही, चमत्कार दाखवत नाही, फक्त वाजवतो. अमेरिकेत बसून लिहिणाऱ्या माणसाला ही बासरी कळलीय, असं मला मनापासून वाटलं. आणि तो सीतेला मारत नाही. तिच्याकडून वचन घेतो, पुन्हा कुणाला तुझ्यासारखं करू नकोस म्हणून. पुढे आजच्या काळात ती शाळेत नाव घालते आणि तिला रे नावाचा मुलगा भेटतो, तिच्या रामासारखा दिसणारा. पाच हजार वर्षं एकटीने काढलेल्या बाईच्या तोंडी जी भाषा आहे ती कोरडी, थकलेली, मध्येच मऊ होणारी. शाळकरी पुस्तकात असा आवाज मी याआधी वाचला नव्हता. खून बरेच आहेत, वर्णनंही थेट आहेत. दहावीच्या आधी नको. माझी भाची नववीत आहे हे मला कळतं, म्हणून तिच्याबरोबर बसून वाचलं.

राहिली तीन मिल्स अँड बून. ही लंडनची कंपनी १९०८ची, सुरुवातीला सगळ्याच प्रकारची पुस्तकं छापायची, पुढे प्रेमकथांसाठीच ओळखली गेली. माझी त्यांची ओळख मिरजेच्या नर्सिंग होस्टेलवर झाली. आमच्या खोलीत केरळच्या दोघी होत्या. मला मल्याळम येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं आणि तिघींचं इंग्लिश कच्चं. एक पुस्तक बारा जणींत फिरायचं, कव्हर गेलेलं, मध्ये टाक्यांच्या दोऱ्याने शिवलेलं. डिक्शनरी घेऊन वाचायचो. माझं इंग्लिश सुधारलं ते त्याच्यावर, आणि हे मी अभिमानाने सांगते.

तीनपैकी दोन डॉक्टर-नर्सच्या प्रेमाच्या आहेत, त्यांच्याकडे अशा कथांची वेगळी मालिकाच आहे. नर्स म्हणून सांगते, एकीतला डॉक्टर मला अजिबात चालला नाही. पेशंटसमोर नर्सवर ओरडतो आणि तीन पानांनी तिचा दंड धरतो, आणि ती विरघळते. असा माणूस आमच्या वॉर्डात असता तर मी तक्रार लिहिली असती. पंधरा वर्षांच्या मुलीने हे वाचून त्याला प्रेम समजू नये, म्हणून मी भाचीला ते पान उघडून दाखवलं आणि विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "हा तर भुतांपेक्षा वाईट आहे." तिला कळलं होतं.

दुसरीतला डॉक्टर कमी देखणा, केस विरळ. पण एका रात्री बाळाचा श्वास लागतो तेव्हा तो नायिकेला विचारतो, "तुम्ही संध्याकाळपासून बघताय, तुमचं काय मत?" आणि तिचं ऐकतो. पुढे चुंबनं वगैरे आहेत, शेवट गोड आहे, पण माझ्यासाठी प्रेमकथा तिथेच पूर्ण झाली होती. ते पान मी दुमडून ठेवलंय. हलकीफुलकी म्हणून या पुस्तकांना नाक मुरडणाऱ्यांनी बारा तास उभं राहून घरी यावं आणि मग सांगावं, त्या वेळी काय वाचता येतं. तिसरीत ग्रीक उद्योगपती आणि बोट आहे. झोप लागली.

मराठीत भाचीच्या वयासाठी असं का मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तिने पाचवीतच संपवला, तो साहसाचा. धारप-मतकरी मोठ्यांसाठी. मी ते चौदाव्या वर्षी चोरून वाचले, पण ते माझ्यासाठी लिहिलेले नव्हते. मधल्या पोरांसाठी, विश्रामबागच्या क्लासमधून सायकलवर अंधारात घरी येणाऱ्या मुलीची भूतकथा कुणी लिहिली तर मी पहिली प्रत पूर्ण किमतीला घेईन.

परवा माझी सुट्टी होती. रात्री साडेअकराला फोन वाजला, भाची. कुजबुजत म्हणाली, "आत्या, तू जागी आहेस ना? डेड हाउस परत वाचतेय. बोलू नकोस, फक्त फोन ठेवू नकोस." मी स्पीकर लावून उशाशी ठेवला. सव्वाबारापर्यंत पानं उलटल्याचा आवाज येत होता.