मल्टी टूरमलीनची पैलूदार माळ: माझा रिव्ह्यू

मण्यांचे दागिने करणाऱ्यांना हे माहीतच असेल की रंगीबेरंगी माळ दोन प्रकारची मिळते. एक म्हणजे चार ठिकाणचे चार वेगळे खडे आणून एकत्र ओवलेली, आणि दुसरी एकाच खड्याचे नैसर्गिक रंग असलेली. मला दुसरीच आवडते, आणि त्यात टूरमलीनचा हात धरणारं कुणी नाही असं माझं ठाम मत आहे. गार्नेट, बेरिल, स्पिनेल, सफायर हे खडे पण मल्टीमध्ये, म्हणजे अनेक रंगांच्या माळेत येतात, सगळे वापरलेत, छानच आहेत, पण गुलाबीपासून शेवाळी हिरव्यापर्यंत, मधेच मधाचा पिवळा, मधेच शाईसारखा गडद निळा, आणि तरी सगळे एकाच घरचे वाटतात, हे टूरमलीनमध्येच.

आता माळेबद्दल. ३ ते ४ मिलिमीटरचे चपटे पैलूदार मणी, रंगांचा क्रम फिक्क्याकडून गडदकडे, गुलाबीचा पट्टा मग पिवळसर मग हिरवा मग निळा-काळा. फोटोत दिसते तेवढी लख्ख पारदर्शक प्रत्यक्षात नसते हे आधीच सांगते. खड्यात आत रेघा, धुरकट जाळी, बारीक तडे असतात, आणि ते असणारच, कारण एकदम स्वच्छ माल अंगठीच्या खड्यांसाठी आधीच वेगळा काढला जातो आणि मण्यांना उरलेला येतो. मला त्या रेघा आवडतात. खिडकीपाशी एक गुलाबी मणी भिंगाखाली धरला तर आत केसासारख्या बारीक नळ्या एका दिशेला जाताना दिसल्या आणि मण्याच्या एका कडेला जेमतेम नखभर हिरवी झाक, म्हणजे तो क्रिस्टल वाढत असताना भोवतालचं रसायन बदललं आणि रंगही बदलला, ते मधल्यामधे कापलं गेलं आणि या एवढ्याशा मण्यात येऊन बसलं! आत गुलाबी बाहेर हिरवा असा आख्खा काप मिळाला की त्यालाच वॉटरमेलन म्हणतात.

हे रंग येतात कुठून तर अगदी थोड्या धातूंमुळे. मॅंगनीज असेल तर गुलाबी-लाल, लोखंड असेल तर हिरवा आणि निळा, क्रोमियम किंवा व्हॅनेडियम असेल तर तो भरजरी हिरवा. तांब्यामुळे येणारा निऑन निळा म्हणजे पराइबा, ब्राझीलच्या त्याच नावाच्या राज्यात १९८० च्या दशकाच्या शेवटी सापडलेला, तो अशा साध्या मिक्स माळेत येईल ही अपेक्षाच ठेवू नका. स्वस्तातल्या माळेत कुणी चमचमत्या निळ्या मण्याला पराइबा म्हणत असेल तर तो बहुतेक अपॅटाइट नावाचा वेगळाच खडा असतो, दिसायला सुंदर पण कडकपणा फक्त ५ (मोज मोजपट्टीवर, जिथे हिरा १०), ब्रेसलेटमध्ये लगेच चरे पडतात. टूरमलीन ७ ते ७.५ आहे, त्यामुळे रोज घालायला चालतो.

अजून एक गंमत, जी फोटोत कधीच कळत नाही. टूरमलीन वेगवेगळ्या बाजूंनी वेगळा रंग दाखवतो. एक हिरवा मणी आडवा धरला तर पाचूसारखा आणि उभा धरला तर जवळजवळ काळा. त्यामुळे ओवताना मी मणी आधी पांढऱ्या कागदावर पसरून दिवसाच्या उजेडात बघते, ट्यूबलाइटखाली लावलेला क्रम सकाळी एकदम विस्कटलेला वाटतो.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार वेजांची. भोकं दोन्ही बाजूंनी पाडलेली असतात आणि मधे नीट जुळत नाहीत, काही मण्यांत तर वेज इतकं कडेला की माळेत तो मणी तिरका बसतो आणि शेजारच्यालाही ढकलतो. शिवाय भोकाची कड धारदार, साधा दोरा घातलात तर महिन्या दोन महिन्यांत कातरला जाणारच. मी नायलॉनचं आवरण असलेली ०.३५ मिलिमीटरच्या आसपासची बारीक स्टीलची तार वापरते, किंवा गाठी मारायच्या असतील तर रेशीम, पण त्याआधी हिऱ्याची टोकदार कानस घेऊन प्रत्येक वेज साफ करते, आणि हे काम मणी पाण्यात बुडवूनच करायचं, कोरडं केलं की कानसही मरते आणि मणीही टिचतो. वेळखाऊ आहे, हात दुखतात, पण याला पर्याय नाही.

दुसरी तक्रार माहितीची. ज्या विक्रेत्याकडून घेतली त्यांनी "शंभर टक्के नैसर्गिक" एवढंच लिहिलं होतं. आता खडा नैसर्गिक असला तरी त्याला तापवून किंवा किरण देऊन रंग सुधारलेला असू शकतो, आणि तडे झाकायला राळ भरलेली असू शकते. किरणांनी गडद केलेला गुलाबी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्यामुळे हे विक्रेत्यानेच सांगायला हवं, विचारल्यावर तर नक्कीच, आणि उत्तर गोलगोल आलं म्हणून मी एक स्टार कापला.

नकली तपासायचं असेल तर घरच्या घरी एवढं होतं: भिंगातून वेजाच्या आत बघा, तिथे आणि तड्यांत रंग साचलेला दिसला तर माल रंगवलेला. एका मण्यावर नेलपेंट रिमूव्हरचा कापूस फिरवून बघा, बरेच रंग उतरतात. गोल गोल बुडबुडे दिसले तर काच. आणि सगळे गुलाबी मणी हुबेहूब एकाच छटेचे असतील तर मला तरी लगेच शंका येते, खऱ्या माळेत दोन शेजारचे मणी पण जुळे नसतात. चेरी क्वार्ट्झ नावाने जे विकतात ती तर काचच आहे, नावाला भुलू नका.

बऱ्याच जणी मला विचारतात की त्यापेक्षा रेनबो फ्लोराइट का नको, जांभळा-हिरवा पट्टा किती गोड दिसतो. दिसतो खरं! पण फ्लोराइटचा कडकपणा ४ आणि तो चार दिशांनी सरळ फुटतो, टेबलावर आपटला तरी मणी दुभंगू शकतो. कानातल्यांना घ्या, हाताला नको.

सांभाळायला टूरमलीन सोपा आहे. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश, बस. अल्ट्रासोनिक मशीन (कंपनांनी दागिने धुणारं) आणि वाफ दोन्ही टाळा, आतल्या तड्यांना झेपत नाही, आणि एकदम गरम-थंड करू नका. गरम झाला की याच्यात वीज तयार होते आणि तो धूळ ओढतो, डच व्यापारी तर याने पाइपमधली राख खेचून काढायचे, तेव्हा उन्हाच्या खिडकीत टांगून ठेवलीत तर माळ धुळकट दिसेल, घाबरू नका, पुसली की झालं.

रंगांना पाच, घडणीला तीन, विक्रेत्याच्या माहितीला दोन. मिळून चार स्टार देते कारण मुख्य गोष्ट रंग आहे आणि तो अस्सल आहे. घेताना माळेचा उलगडलेला व्हिडिओ मागवा, वजन कॅरटमध्ये विचारा (५ कॅरट म्हणजे १ ग्रॅम), लांबीवरून तुलना केली तर जाड-बारीक मण्यांत गफलत होते. गळ्यातलं करणार असाल तर तिरके मणी बाजूला पडतील म्हणून थोडे जास्तीचे घ्या, नंतर त्याच छटेचे परत मिळत नाहीत.