दहावीनंतर अकरावी सायन्स, तंत्रनिकेतन की आयटीआय? मराठवाड्यातील पालकांसाठी तुलना

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडील बहुतेक घरांत चर्चा टक्क्यांपासून सुरू होते आणि शिकवण्यांसाठी लातूरमध्ये घ्यायच्या खोलीच्या भाड्यापाशी येऊन थांबते. मुलाला किंवा मुलीला पुढे नेमके कोणते काम करावेसे वाटते, हा प्रश्न मधल्यामध्ये राहून जातो. म्हणून येथे तिन्ही वाटा दोनच कसोट्यांवर पाहिल्या आहेत: कोणत्या वाटेवर मुलाला कामाची ओळख लवकर होते, आणि निवड चुकली तर वळण्याची सोय किती उरते.

अकरावी सायन्स घेतली की सगळे मार्ग मोकळे राहतात, असे म्हटले जाते, आणि कागदावर ते खरेही आहे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय ठेवले, तर वैद्यकीय, अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी, नर्सिंग यांपैकी कोणताही मार्ग बंद होत नाही. प्रत्यक्षात मात्र ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणारे मूल शिकवणी, अभ्यासिका आणि आठवड्याची चाचणी यांच्या बाहेर फारसे जात नाही. नाव गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुक्काम लातुरात अशी व्यवस्था असेल, तर प्रयोगशाळेचे दर्शन परीक्षेपुरतेच होते. ज्या ‘लातूर पॅटर्न’ने, म्हणजे लातूरच्या कसून सराव करून घेण्याच्या पद्धतीने, बोर्डाच्या गुणवत्ता याद्या गाजवल्या, त्याचा भर आता १८० प्रश्न आणि ७२० गुणांच्या ‘नीट’वर आला आहे. २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० हे प्रादेशिक सूत्र (७० टक्के जागा त्या विभागातील, ३० टक्के उर्वरित राज्यातील विद्यार्थ्यांना) रद्द झाल्याने मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना राज्यातील इतर भागांतल्या जागाही समान पातळीवर खुल्या झाल्या, हे खरेच. पण स्पर्धाही राज्यभराची झाली. दोन वर्षे प्रश्न सोडवून रुग्णालयातील काम आपल्याला झेपेल का, हे मुलाला कळत नाही. म्हणजे ही वाट निर्णय घेते कमी आणि पुढे ढकलते जास्त. ज्याला खरोखर वैद्यकीय किंवा मूलभूत विज्ञानाकडे जायचे आहे, त्याने ती जरूर धरावी. मात्र परीक्षेसाठी वर्ष ‘रिपीट’ किती वेळा करायचे आणि नंतर काय, याचे उत्तर घरात आधीच ठरलेले असावे.

तंत्रनिकेतनातील (पॉलिटेक्निक) पदविका, म्हणजे डिप्लोमा, दहावीनंतर तीन वर्षांची असते आणि प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, वेगळी प्रवेश परीक्षा नसते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, नांदेड, हिंगोली येथे शासकीय तंत्रनिकेतने असल्याने मुलाला फार दूर पाठवावे लागत नाही. पहिल्या वर्षी मराठी माध्यमातील मुलांना गणित आणि इंग्रजी पुस्तके जड जातात, आणि अनेकांचे पहिल्या सत्रातले विषय राहतात. हा धक्का पालकांनी गृहीत धरावा, त्यावरून मूल ‘वाया गेले’ असा निष्कर्ष काढू नये. कार्यशाळा आणि अभ्यासक्रमातील औद्योगिक प्रशिक्षण यांमुळे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मुलाने कारखाना आतून पाहिलेला असतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील वाहन व सुटे भागांचे उद्योग आणि जालन्यातील पोलाद उद्योग यांत पदविकाधारकांसाठी पर्यवेक्षकाच्या पातळीची कामे असतात. पुढे शिकायचे असेल, तर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. वैद्यकीयचा मार्ग मात्र येथे बंद होतो, कारण त्यासाठी बारावी लागते.

आयटीआयला आपल्याकडे अजूनही ‘कुठेच नंबर लागला नाही’ अशा मुलांची जागा समजले जाते, आणि हा समज मला सर्वांत नुकसानकारक वाटतो. फिटरच्या विद्यार्थ्याला सुरुवातीचे कित्येक दिवस लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून काटकोनात आणावा लागतो. गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) लावून उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचे. ज्या मुलाला हे कंटाळवाणे वाटते त्याला महिन्याभरात आपली नावड कळते, आणि ज्याला त्यात गोडी वाटते त्यालाही आपली आवड तितक्याच लवकर कळते. इतर दोन वाटांवर एवढे स्पष्ट उत्तर इतक्या लवकर मिळत नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड (अभ्यासक्रम) दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. नंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली महावितरण, एसटी, रेल्वे किंवा खासगी कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते. उणीव अशी की कंत्राटी नोकरीवर काही मुले वर्षानुवर्षे अडकून राहतात. ते टाळायचे असेल, तर पुढील शिक्षणाचा निर्णय उमेदवारी संपताच घ्यावा.

कला आणि वाणिज्य शाखांविषयी एवढेच की पोलीस शिपाई भरतीला बारावी आणि राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते. त्यासाठी आवड नसताना सायन्स घेण्याची गरज नाही.

माझा कल विचाराल, तर यंत्रांची आवड आहे पण पुढचे काही ठरलेले नाही, गणितही बरे आहे, अशा मुलासाठी तंत्रनिकेतन. घरात दोन-तीन वर्षांत मिळकत सुरू होणे आवश्यक असेल किंवा मूल हातांनी शिकणारे असेल, तर आयटीआय. सायन्स घेऊन मन उतरलेच, तर बारावी सायन्सनंतरही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणून ‘आता फार उशीर झाला’ असे मुलाला म्हणू नये. निवडीपूर्वी सुट्टीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये, डाळ मिलमध्ये, औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात त्याला काही दिवस बसू द्यावे. मुलीच्या बाबतीत एसटीची वेळ आणि खर्चही हिशोबात धरावा: अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पास बारावीपर्यंतच आहे.

तिन्ही प्रवेशांच्या प्रक्रिया वेगवेगळ्या आहेत आणि अकरावीचा प्रवेशही २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. त्यामुळे निर्णय पक्का नसेल, तर तिन्हीकडे अर्ज भरावेत, आणि उत्पन्न, अधिवास व जातीचे दाखले निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच सेतू केंद्रातून काढून घ्यावेत.