सोलापुरात डेटिंग अ‍ॅप वापरायचं तर कोणतं आणि कसं

सोलापुरातली पंचविशीतली पोरं-पोरी आता डेटिंग अ‍ॅपकडे ‘लफडं’ म्हणून बघत नाहीत. घरच्यांनी बायोडेटा फिरवायला काढला असला तरी फोनमध्ये एखादं अ‍ॅप असतं. बहुतेकांचा हिशेब सरळ आहे: आधी आपण बोलून बघू, जमतंय असं वाटलं तर घरी सांगू. ही समजूतदार वाट आहे आणि तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. अडतं ते अ‍ॅपपाशी. टिंडर, बंबल, हिंज ही तिन्ही महानगरांच्या गर्दीसाठी बनलेली. इथे थोडं स्वाइप केलं की वर्गमित्र, शेजारी नाहीतर मावसभाऊ समोर येतो. त्यामुळे सोलापूरकरासाठी पहिला निकष एकच: आपण कुणाला दिसायचं हे आपल्या हातात राहतं का?

या निकषावर टिंडर बरं उतरतं. सेटिंग्जमध्ये ‘ब्लॉक कॉन्टॅक्ट्स’ आहे, त्यासाठी पैसे लागत नाहीत. अख्खी फोनबुक द्यायची नसेल तर एकेक नंबर हाताने टाकता येतो. काका-मामांची मुलं, ऑफिसातले लोक, गल्लीतले चार जण एवढे आधी टाका. फोटो त्यानंतर चढवा, कारण मधल्या वेळात दिसलेला चेहरा परत झाकता येत नाही. हा उपाय फसतो तो दुसऱ्या सिममुळे. तुमच्याकडे असलेला नंबर एक आणि भावाने खातं उघडलं दुसऱ्यावर, तर तो अडवला जात नाही. म्हणून ठाऊक असलेले सगळे नंबर आणि ईमेलही टाका. जुळलेल्यांशी बोलणं चालू ठेवून नव्यांपासून लपायचं असेल तर डिस्कव्हरी बंद करा. तेही फुकट आहे.

अंतराची सेटिंग बहुतेक जण आहे तशी सोडतात, आणि इथेच खेळ बिघडतो. वीस-तीस किलोमीटर ठेवलं तर शहरच दिसतं, म्हणजे ओळखीचेच. ८० केलं की अक्कलकोट, तुळजापूर, धाराशिव, बार्शी, पंढरपूर येतात. टिंडरची कमाल मर्यादा १६० किलोमीटर आहे. त्यात लातूर, कलबुर्गी, विजयपूरही बसतात. पुणे मात्र सरळ रेषेतही बाहेरच राहतं. नोकरीला पुण्यात असलेले सोलापूरकर शनिवार-रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने घरी येतात आणि अ‍ॅप उघडलं की त्यांचं ठिकाण बदलतं. त्यामुळे शनिवारी रात्री आणि सणावाराला, विशेषतः जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, अ‍ॅप उघडणं जास्त फायद्याचं. कमाल अंतर मंगळवारी दुपारी वाढवून फारसं हाती लागत नाही.

बंबलची खरी ताकद मुलींसाठी आहे. मुलगा-मुलगी जुळले की पहिलं पाऊल मुलीचं आणि त्याला २४ तास. नंतर मुलालाही उत्तराला तेवढाच वेळ. आता मुलीला एक प्रश्न आधीच लावून ठेवता येतो, मुलगा त्यावर उत्तर देतो. ‘हाय, काय करतेस’ यापेक्षा ‘कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी की दही?’ असा प्रश्न लावा, उत्तरावरून माणूस बराच कळतो. भारतात मुलींना नावाऐवजी त्याचं फक्त आद्याक्षर दाखवायची सोय बंबलने दिली. नावावरून घर शोधून काढणाऱ्या आपल्या शहरात ही सोय फार मोलाची आहे. तोटा म्हणजे २४ तासांचं घड्याळ: परीक्षा, नाइट शिफ्ट, घरातलं कार्य, यांत जुळलेलं निघून जातं. अशा वेळी ‘स्नूझ’ लावा, म्हणजे तेवढे दिवस तुमचं प्रोफाइल नव्यांना दिसत नाही.

आमचा कौल हिंजला. सहा फोटो, तीन प्रश्नांची उत्तरं, आणि लाइक एखाद्या ठराविक फोटोला किंवा उत्तराला द्यावं लागतं, त्यामुळे बोलायला विषय मिळतो. ब्लॉक लिस्ट आहे. फुकटात दिवसाला लाइक मोजकेच आणि माणसंही कमी, त्यामुळे पर्याय लवकर संपतात. तरी लग्नाच्या विचाराने आलेल्याला हेच सोयीचं. उत्तरं मराठीत लिहा, देवनागरी चालते. पूर्वभागातल्या तेलुगूभाषक किंवा घरात कानडी बोलणाऱ्या मंडळींनी ते स्पष्ट लिहावं. सोलापुरात पुढे बोलणी अडतात ती बऱ्याचदा घरच्या भाषेवरून आणि जातीवरून. ही अ‍ॅप जात विचारत नाहीत, पण तिसऱ्या-चौथ्या मेसेजला ‘पूर्ण नाव?’ येतंच. उत्तर द्यायचं की नाही हे आधी ठरवून ठेवा.

फोटोंबाबत कडक राहा. गाडीवर बसलेल्या फोटोत एमएच १३ची अख्खी नंबरप्लेट, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, मागे घराची पाटी, यातली एकही गोष्ट नको. इन्स्टाग्रामवरचाच फोटो इथे टाकला तर शोधणाऱ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पहिली भेट दिवसाउजेडी, सात रस्ता किंवा होटगी रोडच्या वर्दळीच्या कॅफेत ठेवा. एप्रिल-मेमध्ये कंबर तलावाकाठी सहाच्या आधी बसवत नाही. आपल्या गाडीने जा आणि व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन एका मैत्रिणीला किंवा मित्राला आठ तासांसाठी द्या. दोन सज्ञान माणसांनी सार्वजनिक जागी बसून बोलणं हा गुन्हा नाही. कुणी अंगावर आलं तर ११२ लावा.

फसवणुकीची रीत ठरलेली आहे. जुळल्याबरोबर ‘व्हॉट्सअ‍ॅपवर ये’, मग रात्री व्हिडिओ कॉल, समोरून नग्न दृश्य, तुमचा चेहरा रेकॉर्ड आणि लगेच पैशांची मागणी. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढतच जाते. स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी आणि पैसे गेले असतील तर व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे गोठवता येण्याची शक्यता कमी.

पैसे भरून घेतलेल्या योजना सोलापुरात घेऊ नयेत. माणसंच मोजकी असताना अमर्याद लाइक घेऊन करायचं काय? घेतलीच तर लक्षात ठेवा, वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. अ‍ॅप फोनमधून काढल्याने ती थांबत नाही, प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करावी लागते. खात्याचंही तसंच. साखरपुडा ठरल्यावर नुसतं अ‍ॅप उडवलं तर प्रोफाइल मागे राहून होणाऱ्या सासरच्या कुणाच्या तरी फोनवर दिसू शकतं. आधी वर्गणी रद्द करा, मग अ‍ॅपमध्ये जाऊन ‘डिलीट अकाउंट’ दाबा, आणि अ‍ॅप सगळ्यात शेवटी काढा.