परिचारिकेची नोकरी: सरकारी की खासगी?

राज्य परिचर्या परिषदेकडील नोंदणी दोन्हीकडे अनिवार्य असली, तरी प्रवेशाची वाट वेगळी आहे. नागपूरच्या एम्ससारख्या केंद्रीय संस्थेत परिचर्या अधिकारी होण्यासाठी नॉरसेट ही देशपातळीवरील परीक्षा द्यावी लागते, तिथे बी.एस्सी. नर्सिंगची पदवी पुरते, मात्र जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) ही पदविका झालेल्या उमेदवाराकडे किमान 50 खाटांच्या रुग्णालयातील 2 वर्षांचा अनुभव असावा लागतो. हा अनुभव बहुतेक मुली खासगी रुग्णालयातच, तुटपुंज्या पगारावर मिळवतात. खासगीत मुलाखतीनंतर लगेच रुजू होता येते.

वेतनातील तफावत मोठी आहे. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय पदाचे मूळ वेतन 44,900 रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता, घरभाडे व परिचर्या भत्ता मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 मध्ये अशी शिफारस केली की, 200 हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी राज्य सरकारइतके वेतन द्यावे आणि 50 हून कमी खाटा असल्या तरी ते दरमहा 20,000 रुपयांपेक्षा कमी नसावे. ही शिफारस कायद्याइतकी बंधनकारक झाली नाही, ही माझ्या मते मोठी उणीव आहे.

सरकारी म्हणजे सुरक्षित, हेही सरसकट खरे नाही, कारण राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिकांना वेतनश्रेणीऐवजी ठरावीक मानधन मिळते.