कर्जफेडीच्या काळातील रोजकीर्द वही : एक परीक्षण

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात लाल कापडी बांधणीची लांबट रोजकीर्द वही, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची नोंदवही, मिळते. बहुतेकांनी ती लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाटावर ठेवलेलीच पाहिलेली असते. व्यापाऱ्यांसाठी बनलेली ही वही पगारदार घराने, त्यातही क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि वैयक्तिक कर्ज एकाच वेळी फेडणाऱ्या घराने वापरावी का, याचे हे परीक्षण आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आमच्यावर ही दोन्ही देणी आली आणि ती फेडताना रोजचा खर्च मोबाइलमधल्या अ‍ॅपऐवजी या वहीत लिहायचे आम्ही ठरवले. खर्चाची नुसती टिपणे ठेवायची असतील तर अ‍ॅप पुरेसे आहे. कर्ज उतरवायचे असेल तर मात्र रोज रात्री शिल्लक जुळवायला लावणारे साधन हवे, आणि ते काम ही वही चोख करते, असे माझे मत झाले आहे.

वही उघडली की डावे पान जमेचे आणि उजवे पान नावेचे, म्हणजे खर्चाचे, असते. दोन्हीकडे तारीख, तपशील, खातेपान (त्या खात्याच्या पानाचा क्रमांक) आणि रक्कम असे रकाने असतात. डाव्या पानावर सर्वांत वर मागील शिल्लक लिहायची, त्याखाली त्या दिवशी आलेले पैसे मांडायचे, उजव्या पानावर झालेला प्रत्येक खर्च लिहायचा आणि शेवटी हाती उरलेली रक्कम अखेरची शिल्लक म्हणून उजव्या बाजूस दाखवून दोन्ही पानांची बेरीज सारखी आणायची. हीच शिल्लक दुसऱ्या दिवशी डावीकडे येते. खरी परीक्षा यानंतर होते, कारण वहीतली शिल्लक पाकिटातल्या नोटा आणि बँक खात्यातली रक्कम यांच्याशी जुळली पाहिजे. एका रात्री आमच्याकडे ४० रुपयांचा फरक येत होता. दिवस पुन्हा आठवत गेल्यावर मंडईतल्या कोथिंबिरीच्या जुडीचे २० आणि बाहेर दुचाकी लावल्याचे २० रुपये सापडले. रक्कम किरकोळ होती. पण असे खर्च रोज होतात आणि महिन्याच्या हिशेबात ते कुठेच दिसत नाहीत, हे त्या शोधामुळेच घरातल्या सर्वांच्या ध्यानात आले.

बँकेचे एसएमएस वाचून खर्चाची आपोआप नोंद करणारी अ‍ॅप नेमकी इथे कमी पडतात. काही बँकांनी लहान रकमांच्या यूपीआय व्यवहारांचे एसएमएस पाठवणे बंद केले आहे. यूपीआय लाइटमधून, म्हणजे लहान खर्चासाठी आधी पैसे भरून ठेवायच्या सोयीतून, चहाचे किंवा वडापावचे पैसे दिले तर पासबुकात फक्त लाइटच्या खात्यात भरलेली एकरकमी रक्कम दिसते, तिचे पुढे काय झाले ते दिसत नाही. यंत्र टिपून घेईल या भरवशावर राहिल्यास किरकोळ खर्चच नोंदीतून निसटतात, आणि तेच खर्च आपल्या हातात असतात. घरभाडे, विमा, शाळेची फी हे आकडे कुणालाही पाठ असतात. ते लिहून काही नवे कळत नाही.

एवढी काटेकोर नोंद कशासाठी, हे कार्डाच्या व्याजाचे गणित पाहिल्यावर पटते. ८०,००० रुपयांची थकबाकी आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले तर महिन्याचे व्याज २,८०० रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५०४ रुपये मिळवले की ३,३०४ रुपये झाले. किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे ४,००० रुपये, नियमाने भरत राहिले तरी मुद्दल जेमतेम ६९६ रुपयांनी उतरते. शिवाय मागील बाकी शिल्लक असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चढू लागते. म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर खतावणी, म्हणजे खातेवार नोंद, करावी आणि कार्ड, वैयक्तिक कर्ज व किराणा दुकान यांना स्वतंत्र पान द्यावे. हप्त्यातील मुद्दल किती आणि व्याज किती, हे बँकेच्या परतफेडीच्या तक्त्यावरून तिथे दरमहा उतरवावे. दोन देण्यांपैकी जादा पैसे कुठे भरायचे, हा वादही त्या पानांवरच मिटतो, कारण कार्डाचे व्याज कर्जाच्या कितीतरी पुढे असते. शिवाय ठरावीक व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क असू शकते. करारपत्र वाचल्याशिवाय तिकडे एकरकमी भरणा करू नये.

बिनखर्चाच्या दिवसांसाठी ही वही मला सर्वांत उपयोगी वाटली, त्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ज्या दिवशी ऐच्छिक खर्च अजिबात होत नाही, त्या दिवसाच्या नावे बाजूस आम्ही लाल शाईने ‘निरंक’ असे लिहितो. दुधाचा रतीब, कर्जाचा हप्ता, वडिलांची औषधे आणि कामावर जाण्याचा बसपास हे खर्च यात धरत नाही, आणि ते वहीच्या पहिल्याच पानावर नोंदवून ठेवले आहे. ही यादी आधी केली नाही तर रोज रात्री नवी सवलत निघते. आठवड्याची भाजी एकाच बाजारात आणणे, डबा नेणे आणि घरपोच सामान मागवण्याची अ‍ॅप त्या दिवशी न उघडणे, एवढे पाळले तरी निरंक दिवस फारसा जड जात नाही. सणावाराच्या आणि पाहुण्यांच्या दिवशी हा हट्ट धरू नये, असे मला मनापासून वाटते. घरी आलेल्या माणसाला चहाबरोबर खायला काही आणण्यावरून हिशेब मांडण्याची वेळ येऊ नये.

मात्र निरंक दिवस खरा की नुसता दिसण्यापुरता, हे दुसऱ्या दिवसाच्या पानावर कळते. गुरुवार निरंक गेला आणि शुक्रवारच्या पानावर साबण, वाणसामान, मोबाइलचे रिचार्ज, हॉटेलातून मागवलेले जेवण असे सगळे एकदम उतरले, तर खर्च वाचला नाही, फक्त पुढे ढकलला गेला. अ‍ॅपमध्ये महिन्याच्या खर्चाचा वर्तुळाकार आलेख पाहताना ही ढकलाढकली नजरेस येत नाही. वहीत सलग पाने उलटताना ती लगेच दिसते. निरंक दिवसाचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा त्या दिवशी वाचलेली रक्कम त्याच रात्री कार्डात भरली जाते. पहिला महिना नुसता खर्च लिहून काढला की ऐच्छिक खर्चाची रोजची सरासरी कळते. ती १८० रुपये आली असेल तर प्रत्येक निरंक दिवशी १८० रुपये कार्डाच्या खात्याकडे वळवावेत. कार्डाचे व्याज दिवसागणिक बाकीवर लागते आणि देय तारखेची वाट न पाहता केव्हाही कितीही रक्कम भरता येते, त्यामुळे लवकर पोहोचलेला प्रत्येक रुपया थोडे व्याज वाचवतो. खात्यात पडून राहिलेली बचत रविवारपर्यंत कुठे ना कुठे खर्च होऊन जाते.

उधारीची नोंद हा या पद्धतीतला सर्वांत नाजूक भाग आहे. किराणा दुकानातून उधारीवर सामान आणले किंवा कार्ड वापरले तर त्या दिवशी रोख काहीच जात नाही आणि पान निरंक दिसते. देणे मात्र वाढलेले असते. जुन्या मुनिमांची रीत यावर पुरेशी आहे. सामान उधारीवर आणले त्याच दिवशी डावीकडे दुकानदाराच्या खाती जमा आणि उजवीकडे किराणा खर्चाच्या नावे अशी दुहेरी नोंद करावी. बेरीज दोन्हीकडे सारखीच वाढते, शिल्लक बिघडत नाही, आणि तो दिवस निरंक म्हणवून घेता येत नाही. ‘आता घ्या, पैसे नंतर द्या’ अशा योजनांनाही हाच नियम लावावा. माझ्या मते एवढी एक शिस्त पाळणे हे चार निरंक दिवसांहून मोलाचे आहे.

वहीत उणिवाही आहेत. मुखपृष्ठाचा लाल रंग पावसाळ्यात दमट हवेने हाताला लागतो. कागद पातळ असल्याने शाईचे पेन मागे उमटते, त्यामुळे साधे बॉलपेन वापरावे. पानांवर क्रमांक नसतील तर ते आरंभीच घालून घ्यावेत, नाहीतर खातेपानाच्या रकान्याचा काही उपयोग राहत नाही. महिन्याची खातेवार बेरीज हातानेच करावी लागते आणि त्यात एक संध्याकाळ जाते. पती-पत्नी वेगवेगळ्या शहरांत नोकरीला असतील तर एकच वही दोघांना पुरणार नाही. त्यांनी दोघांना दिसेल असा सामाईक तक्ता मोबाइलवर ठेवावा आणि रात्री शिल्लक जुळवण्याची पद्धत तेवढी या वहीतून घ्यावी. एका छताखाली राहणाऱ्या, दोन-तीन देणी डोक्यावर असलेल्या कुटुंबाला मात्र मी निःशंकपणे हीच वही सुचवीन.

घेताना शिवण बांधणीची वही मागावी, कारण चिकटवलेल्या वहीची पाने मधोमध सपाट उघडत नाहीत आणि रोजच्या हाताळणीत सुटतात. एका दिवसाला जमा-नावेची एक जोडी लागते, म्हणून वर्षभराची जाड वही घेण्यापेक्षा दोन क्वायरची (क्वायर हे कागदांच्या संख्येचे माप) घ्यावी आणि ती भरली की अखेरची शिल्लक व खतावणीतील बाक्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढून घ्याव्यात.